निरोगी फळी

बोट पाण्यात उतरली आणि तिच्या पाठोपाठ पाणी बोटीत उतरलं.

“बाबा, आत जरा ओलं दिसतंय,” धक्क्यावरून सून म्हणाली. सून स्वभावाने सौम्य होती. बोटीत तोवर घोटाभर पाणी साचलं होतं.

“शिंतोडे असतील,” मास्तर आतून म्हणाले. त्यांनी खास आजच्यासाठी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

“शिंतोडे खालून उडत नाहीत, बाबा,” मुलगा म्हणाला. मुलगा विमा कंपनीत होता. त्याला जग म्हणजे अजून न घडलेल्या अपघातांची यादी वाटे.

मास्तरांची बायको, शिवणकाकू, चहाचा थर्मास पोटाशी धरून उभ्या होत्या. पाणी नेमकं कुठून येतंय हे त्या न वाकता सांगू शकल्या असत्या. डाव्या अंगाची, तळाकडून तिसरी फळी. तिच्या वरच्या कडेने पाण्याची बारीक झालर सुटली होती, एखाद्या परकराला लावावी तशी. इतरही फटी झिरपत होत्या, पण काकूंना तेवढी एकच दिसत होती. त्या फळीची गोष्ट जगात फक्त त्यांना ठाऊक होती, निदान त्यांची तशी समजूत होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर त्यांनी चौतीस वर्षं काढली. खिडकी रस्त्याकडे, पाठ पाण्याकडे. लोकांना पलीकडे धाडण्यात जन्म गेला. स्वतः पलीकडे गेले दोनदा, त्यातलं एकदा पहिल्या खेपेला विसरलेली छत्री आणायला. निवृत्त झाले आणि आठवड्याच्या आत भंगारवाल्याकडून बावीस फुटी, लाकडी, शिडाची बोट घेऊन आले. डोलकाठी मोडलेली, तळ कुजलेला, आत पाखरांची तीन घरटी.

“दुरुस्त करायची आणि आपण दोघांनी निघायचं,” ते काकूंना म्हणाले. “किनाऱ्याकिनाऱ्याने. जिथे आवडेल तिथे नांगर टाकायचा. दोन महिने, तीन महिने. कोण विचारतंय?”

“बघू,” काकू म्हणाल्या. ‘बघू’ या शब्दावर त्यांनी दोन पोरं वाढवली होती, तेव्हा त्याची ताकद त्यांना माहीत होती.

खरी गोष्ट अशी की काकूंना पाण्याचं भय होतं. झोपाळ्यावर बसलं तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. मशीनवर चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले, ते मशीन जमिनीला घट्ट होतं म्हणून. पण हे बोलल्या नाहीत. बोलायची गरजच काय होती? बोट काही दुरुस्त होत नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी घरट्यांकडे बघून ठरवलं होतं.

आणि मग लागली की हो चटक! मास्तर सकाळी आठला डबा घेऊन शेडवर जात, संध्याकाळी सहाला कानात रंग घेऊन परत येत. पोटभर जेवत, गाढ झोपत. मैत्रिणींचे निवृत्त नवरे दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहून ‘डाळीचा डबा इथे का?’ विचारत होते. काकूंच्या घरी डबे जागच्या जागी होते. बोट चालू लागली असती तर कुठे गेली असती देव जाणे, पण तिची दुरुस्ती मात्र संसाराला फार मानवली होती.

काकूही मदतीला जात. कुजलेलं लाकूड हुडकायला त्यांची तंबूच्या कापडाची जाड सुई कामी आली. टोचायची, सहज आत गेली तर लाकूड गेलं, अडली तर धड. काकूंच्या बोटांना ते झटकन कळे.

“हिची सुई खोटं बोलत नाही,” मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सगळी टोचाटोची संपली. मास्तर घरी नकाशा घेऊन आले, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी काकू शेडवर गेल्या, डाव्या अंगाच्या तिसऱ्या फळीशी बसल्या, बोटात अंगुस्तान चढवलं आणि सगळा जोर लावून सुई दाबली.

“अहो,” त्या म्हणाल्या, “इथे जातेय.”

मास्तरांनी पुन्हा टोचून पाहिलं नाही. होडीसुताराला बोलावून फळी काढवली. नवी बसवायला सहा आठवडे लागले, तेही ऐन उन्हाळ्यात. मास्तरांची पाठ सोलवटली. काकूंनी रोज मलम लावलं, आणि मलम लावताना एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

पुढे मास्तर शिडीवरून पडले. मनगट मोडलं. मुलगा आला, सून आली, आणि करार झाला. या रविवारी दुपारी बाराच्या आत बोट तरंगली तर मुलगा पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही तरंगली तर बोट भंगारात आणि दोघांनी मुलाकडे राहायला जायचं, अकराव्या मजल्यावर. मास्तरांनी शब्द दिला होता.

आता ते बादलीने पाणी उपसत होते. एक बादली बाहेर, दीड आत. शेवटी त्यांनी बादली खाली ठेवली, ती तरंगली. घड्याळ पाहिलं.

“बाराला दहा कमी,” ते म्हणाले. “तरंगत नाहीये. भंगारवाल्याचा नंबर लाव.”

हा आवाज काकूंच्या ओळखीचा होता. ‘ही फेरी भरली, पुढच्या फेरीला या’ हे मास्तरांनी याच आवाजात चौतीस वर्षं सांगितलं होतं. समोर मंत्री असो की मेहुणा.

मुलगा जिंकला होता, पण चेहरा खिसा कापल्यासारखा झाला होता. “आज लगेच नको, बाबा. आधी कपडे बदला.”

तेवढ्यात सायकलवरून होडीसुतार आला. अठ्ठ्याहत्तरचा, दोन दात शिल्लक, दोन्ही समोरासमोर नाहीत. त्याने सायकल टेकवली, बोटीकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

“छान पितेय.”

“अहो, बुडतेय ती!” मुलगा ओरडला.

“पितेय. सहा वर्षं कोरडी पडलीय बिचारी. लाकूड आकसलं, फटी उघडल्या. आता भिजेल, फुगेल, फटी आपोआप मिटतील. चार दिवस बुडून राहू द्या.”

“हे आधी सांगायचं नाही?”

“पोहायला निघालेल्याला कोणी सांगतं का, बाबा रे, भिजशील म्हणून?” सुतार म्हणाला. “मला वाटलं, मास्तरांना माहीत असणार. पाण्याच्या काठावर जन्म गेला त्यांचा.”

“पाठ होती माझी पाण्याकडे,” मास्तर हळूच म्हणाले.

“पण काका, करार तरंगण्याचा होता,” मुलगा म्हणाला. “बुडालेली बोट तरंगली असं कसं धरायचं?”

आणि मास्तरांनी मान डोलावली! “बरोबर बोलतोय तो. वेळ म्हणजे वेळ. हरलो मी.”

आता काकूंनी फक्त गप्प राहायचं होतं. चाळीस वर्षांचा सराव होता. गप्प राहिलं की बोट गेली, समुद्र गेला, मळमळ गेली. अकरावा मजला काही हलत नाही. लिफ्टमध्ये तेवढं डोळे मिटून उभं राहायचं.

मास्तर बोटीतून बाहेर यायला निघाले. पोटरीएवढ्या पाण्यात ते चवड्यांवर चालत होते, जपून, कडेला हात न लावता. बुडत्या, भंगारात निघालेल्या बोटीचा रंग खरवडू नये म्हणून.

“थांबा तिथेच,” काकू म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“कोरं कापड भिजवल्याशिवाय मी कधी कात्री लावलेली नाही. न भिजवता घेतलेलं माप म्हणजे मापच नव्हे. पहिल्या धुण्यात गणवेश आखडला तर मी पोराला दोष देऊ का, वाढला म्हणून? लाकडालाही तोच न्याय. आज माप घेतलंच नाही. गुरुवारी घ्यायचं.”

“पण आई, तुलाच तर ही बोट—”

“मला काय ते मी बघेन. तू थर्मास धर.”

मुलाने थर्मास धरला. त्याच्या कंपनीत असलं कलम नव्हतं, पण आईच्या या आवाजावर अपील नसतं हे तो लहानपणीच शिकला होता.

चार दिवस बोट चार दोरांनी बांधलेली बुडून राहिली. काठ, डोलकाठी आणि केबिनचं छप्पर तेवढं पाण्यावर. धक्क्यावरून जाणारे लोक थबकत, चपापून हळू बोलत.

“फार वाईट झालं हो, मास्तर.”

“बुडालेली नाही. भिजत घातलीय.”

“हो हो. धीर धरा.”

दूधवाला म्हणाला, त्याच्या चुलत्यांचंही शेवटी असंच झालं होतं, नको ते बोलायला लागले होते. मुलाने सुट्टी वाढवली आणि दिवसातून तीनदा येऊन दोर तपासू लागला. सुनेला तो म्हणाला, “मी फक्त सुरक्षेच्या दृष्टीने बघतोय.” सून म्हणाली, “हो, दिसतंय.”

बुधवारी दुपारी मास्तर डबा धुवायला नळावर गेले होते. काकू आणि सुतार धक्क्याच्या पायरीवर बसले होते.

“सुतारकाका,” काकू पाण्याकडे न बघता म्हणाल्या, “ती नवी फळी... ती नाही फुगली तर?”

“फुगेल.” सुताराने थोडा वेळ दात चाचपले. “जुनी चांगली होती, वहिनी. अगदी निरोगी. काढताना माझी छिन्नी मोडली.”

काकूंच्या कानापर्यंत रक्त चढलं. “मग बोलला का नाहीत?”

“मास्तर बाजूला उभे होते. म्हणत होते, हिची सुई खोटं बोलत नाही. म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे मी कशाला फळी घालू?”

“आणि फळीचं काय केलंत?”

“पलंगाला घातली. बायको म्हणते, लग्नापासून पहिल्यांदाच पलंग वाजायचा थांबला.”

काकू हसल्या. मग त्यांना हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यांनी पदराने डोळे पुसले. सुतार सज्जन माणूस. तो उठून सायकलच्या साखळीशी खेळत बसला.

गुरुवारी सकाळी पंप लावला. तासाभरात बोट हळूहळू वर आली, काळीभोर, थबथबलेली. मुलाने टॉर्च घेतला, बूट काढले आणि आत उतरून तळाची फट न् फट वाकून तपासली. अर्धा तास गेला. मग त्याचा आवाज आला, “कोरडी आहे.” आवाजात थोडी तक्रार होती आणि बराचसा आनंद.

मास्तरांनी केबिनचं छप्पर पुसलं, मग पुन्हा पुसलं. सुताराने दोर तपासले आणि मुलाला म्हणाला, “चला, मला पंप उचलायला हात द्या.” बोटीपाशी दोघंच उरली.

“आज फक्त खाडीच्या तोंडापर्यंत,” मास्तर म्हणाले. “सुतार शिकवणार आहेत. येतेस का?” मग घाईने, “नसेल यायचं तर राहू दे. तुला झोपाळासुद्धा सोसत नाही.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“लग्नानंतर बागेत गेलो होतो, तेव्हा. मला वाटायचं, बोट होईस्तोवर बरं वाटेल तुला.”

काकूंनी कडेला हात टेकला. आता बोलायचं नाही तर कधीच नाही. “अहो, ती तिसरी फळी कुजलेली नव्हती. मी सांगितलं ते खोटं होतं. मला यायचं नव्हतं.”

मास्तरांनी फळीकडे पाहिलं. काकूंना वाटलं, आता तो आवाज येणार, खिडकीतला.

“सहा आठवडे,” ते म्हणाले.

“हो.”

“उन्हात.”

“हो.”

“पाठ सोलली माझी.”

“हो. माहितीय.”

मास्तरांनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. रागावले होते. चेहरा लाल झाला होता. “मला विचारलं असतंस तर...” ते म्हणाले, आणि थांबले. विचारायचं कोणी होतं आणि सांगायचं कोणी, हे बहुधा त्यांच्याही ध्यानात आलं. मग त्यांनी बाकावरचं पाणी हाताने निपटलं, सावलीच्या बाजूला फडकं अंथरलं आणि स्वतः उन्हाच्या बाजूला जाऊन बसले.

काकूंनी धक्क्याच्या कडेला चपला काढल्या. एकीशेजारी एक, नीट, घराच्या दारात काढाव्यात तशा. तोवर परतून बोटीत चढलेल्या सुताराचा हात धरला, डोळे मिटले आणि पाय टाकला. बोट कलली, सावरली. त्या फडक्यावर बसल्या आणि दोन्ही हातांनी बाक धरला.

“सोडू का दोर?” मास्तरांनी विचारलं.

“विचारू नका. सोडा.”

पंप शेडमध्ये ठेवून मुलगा परत आला तेव्हा बोट चार हात लांब गेली होती. आईची पाठ त्याला दिसत होती, काठीसारखी ताठ. धक्क्यावर चपला होत्या. त्याने त्या उचलल्या. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईने बाकावरचा एक हात सोडला आणि बाबांच्या सदऱ्याच्या मागच्या पट्टीला गच्च पकडलं. त्याने हाक मारली नाही. टाचेला लागलेला चिखल अंगठ्याने काढला आणि चपला हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.