माझे ब्रेक चांगले होते

मित्रांनो, पोलिसांच्या कागदात माझं नाव 'मुद्देमाल' असं लिहिलेलं आहे. त्याआधी मी एक मोटारगाडी होते, आणि लोक माझ्याकडे वळून वळून बघायचे. गडद हिरवी, दोनच दारांची, लांब नाकाची. दिवसभर पळवली तरी न थकणारी, दूरच्या प्रवासासाठी घडवलेली. आमच्या प्रकाराला ग्रँड टूरर म्हणतात. आज मी जुनी आहे, आणि माझ्या हातून काय घडलं ते तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्मच मारझोडीत झाला. परदेशातल्या एका कारखान्यात पोलादाचा पत्रा प्रेसखाली ठेवला, वरून प्रचंड ठोका बसला आणि माझं दार झालं. दुसऱ्या ठोक्याला छप्पर झालं. माझ्या आधी तयार झालेली माझ्यासारखीच एक गाडी मुद्दाम भिंतीवर नेऊन आदळली होती. आत बसवलेल्या पुतळ्यांचं काय होतं, ते बघायचं होतं त्यांना. तिचं नाक तिच्याच पोटात शिरलं. माणसाला जपण्यासाठी आधी असं काहीतरी फोडून बघावं लागतं, असं तिथले कारागीर म्हणत.

काही वर्षांनी मी पुण्यात आले, आणि तिथून दौलताबादच्या वाटेवरच्या पडेगावच्या काकासाहेबांकडे. त्यांची वाळूजला शेती होती. तिथं कारखाने आले तेव्हा त्यांनीही सुटे भाग बनवण्याचा एक छोटा कारखाना टाकला. माणूस कष्टाळू, पण डोकं तापट. रस्त्यात कुणी आडवं आलं, की काच खाली करून शिवी हासडल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. एकदा शहराच्या छावणी भागात एका टेम्पोवाल्याची कॉलर धरून त्याला त्यांनी माझ्या दारावर असं आपटलं, की दाराला पोचा आला. टेम्पोवाल्याचं नाक फुटलं होतं. घरी येऊन काकासाहेबांनी तो पोचा तेवढा हळहळत चोळला.

त्यांच्या पत्नी आशाबाई मात्र माझ्यात बसल्या की शांत व्हायच्या. नागपूर, हैदराबाद, गोवा असं आम्ही खूप फिरलो. मागच्या आखूड सीटवर त्यांची भाकरीची शिदोरी आणि पाण्याची कळशी असायची.

बारा वर्षं अशी गेली. मग काकासाहेबांचे मित्र आप्पासाहेब यांनी नवी स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक, जमिनीला चिकटलेली, चालू केली की भुंकणारी. त्यांनी ती आमच्या अंगणात माझ्या शेजारी उभी केली आणि माझ्या टायरला लाथ मारली.

"काकासाहेब, हे म्हातारं कशाला सांभाळता? काढा आता. माझ्यासारखीच घ्या."

"ठरंना राव," काकासाहेब म्हणाले. "हिची सवय झाली."

आशाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "त्या ठेंगणीत मला बसता येईना, उतरता येईना. सामान कुठं ठिवायचं? आन कुठं जायचंय येवढं धावत?"

महिनाभर हा विचार चालला. काकासाहेब कधी माझं बॉनेट उघडून बघत, कधी त्या लाल गाडीचे फोटो बघत. खरं सांगते मित्रांनो, मला त्या लाल गाडीचा राग यायचा. ती फुटावी असंही वाटायचं.

शेवटी आप्पासाहेबांनीच तोडगा काढला. "रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. पडेगावापासून दौलताबादपर्यंत. तुमची गाडी माझ्या मागं टिकली, तर ठेवा. नाय टिकली, तर त्याच दिवशी नवी बुक करायची."

"व्हय," काकासाहेब म्हणाले. "होऊन जाऊ द्या."

आशाबाईंना त्यांनी सांगितलं, दूध आणायला चाललोय.

सात वाजता आम्ही निघालो. मिटमिटा गावापर्यंत लाल गाडी पुढं होती. मग रस्ता सरळ झाला आणि काकासाहेबांनी पाय तळापर्यंत दाबला. कित्येक वर्षांत मला कुणी असं मोकळं सोडलं नव्हतं. वडाची झाडं सपासप मागं पडू लागली. एक सायकलवाला घाबरून खड्ड्यात उतरला. मी लाल गाडीच्या बरोबरीला आले, तिच्या पुढं गेले. काकासाहेब ओरडले, "हाण!" आणि मीही हाणलं. मला जिंकायचं होतं. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

वळणापलीकडे एक मोरी होती. मोरीवरून मेंढरं चालली होती.

त्यांच्या पुढं बिरू होता. शरणापूरच्या बाजूचा मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मागं त्याची बायको सारजाबाई आणि भाऊ कडूबा. कडूबाच्या हातात शेळ्यांसाठी डहाळ्या तोडायची कुऱ्हाड होती.

काकासाहेबांना सगळं दिसलं. मलाही दिसलं. थांबण्याइतकं अंतर होतं. पण त्यांचा तळवा हॉर्नवर पडला आणि तिथंच राहिला. आजवर त्यांच्यापुढून सगळे बाजूला होत आले होते. आताही होतील, असं त्यांना वाटलं. त्यांचा पाय ब्रेकवर आला, तेव्हा फार उशीर झाला होता.

पहिलं मेंढरू माझ्या दिव्यात शिरलं. दुसरं चाकाखाली गेलं, तिसरं उडून काचेवर आपटलं आणि काच लाल झाली. मी आडवी घसरले. बिरू एका कोकराला ओढत होता. माझं नाक त्याला मोरीच्या दगडी कठड्यावर दाबत गेलं. त्याचं हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या पत्र्यातून ऐकला. तो आवाज मी विसरलेले नाही.

लाल गाडी मागून आली, जरा हळू झाली, आणि आमच्या शेजारून भुंकत निघून गेली.

कडूबा धावत आला. त्यानं काकासाहेबांना केसाला धरून बाहेर ओढलं आणि डांबरावर पाडलं. तोंडावर गुडघा मारला, बरगडीत लाथा घातल्या. शेतातून आणखी माणसं आली. दगड सुरू झाले. माझी मागची काच गेली, आरसे गेले. कडूबानं कुऱ्हाड उचलली आणि माझ्या बॉनेटवर घातली. एकदा, दोनदा, तीनदा. पत्रा फाटला. चौथ्या वेळी त्यानं कुऱ्हाड उचलली, ती काकासाहेबांच्या डोक्यावर.

"कडूबा!" सारजाबाई किंचाळली. तिनं आपला पदर फाडून बिरूच्या मांडीला आवळला होता. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले होते. "त्याला मारायचं ते मागाहून मार. आधी ह्यांना दवाखान्यात घाल. हितं दुसरी गाडी हाय का?"

दुसरी गाडी नव्हती.

चौघांनी मिळून मला मागं ढकललं. बिरूला उचलून माझ्या मागच्या सीटवर आडवा घातला. सीट आखूड, त्याचा मोडलेला पाय सारजाबाईनं मांडीवर धरला. काकासाहेबांचा एक डोळा मिटला होता, ओठ फाटला होता. कडूबानं त्यांना चालकाच्या जागी ढकललं, स्वतः शेजारी बसला आणि कुऱ्हाडीचं पातं त्यांच्या गळ्याला लावलं.

"चालव. धक्का बसला तर बघ. उशीर झाला तरी बघ."

माझं इंजिन चालू झालं, कसं ते मला माहीत नाही. रेडिएटरमधून वाफ निघत होती. काकासाहेबांनी मुठीनं पुढची काच फोडून बघायला जागा केली. त्यांच्या बोटांत काचा घुसल्या. ज्या रस्त्यानं मी मघाशी उधळले होते, त्याच रस्त्यानं मी परत आले. प्रत्येक खड्ड्याला ते ब्रेक दाबत होते. हळू, नीट. प्रत्येक वेळी मी थांबत होते. मागून बिरू कण्हत होता, "मेंढरं कुणी बघंना... सारजे, मेंढरं..." छावणीपाशी त्याचं कण्हणं बंद झालं. सारजाबाईनं त्याच्या गालावर फाडफाड चापटा मारल्या. "झोपायचं नाय! ऐकू येतंय का? झोपायचं नाय!"

घाटी या सरकारी दवाखान्याच्या दारात मी पोचले आणि तिथंच बंद पडले.

बिरू वाचला. त्याचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला. नऊ मेंढरं मेली.

मला दोरखंडानं ओढून पोलीस ठाण्याच्या आवारात आणलं. अंगावर रक्त तसंच वाळलेलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या. तिसऱ्या दिवशी काकासाहेब जामिनावर सुटून तिथं आले. त्यांच्याबरोबर आप्पासाहेब होते. हवालदाराला त्यांनी सांगितलं, गाडीतले कागद घ्यायचे आहेत. मग आप्पासाहेबांनी खिशातून पाना काढला.

"वकिलांशी बोललो मी," ते हळू आवाजात म्हणाले. "ब्रेक फेल झाले म्हणायचं. उद्या तपासणी हाय. त्याच्या आत ब्रेकची नळी सैल करून टाकू. जुनी गाडी, कुणालाबी पटंल. शर्यतीचं नाव काढायचं नाय. तुम्हीबी सुटता, मीबी सुटतो."

आप्पासाहेब माझ्या पुढच्या चाकापाशी वाकले. काकासाहेब नुसते बघत उभे होते. नळीला पाना लागला.

त्याच वेळी फाटकातून सारजाबाई आत आली. बिरूची घोंगडी माझ्या मागच्या सीटवर राहिली होती, ती मागायला आली होती. थांबली आणि बघत राहिली.

काकासाहेबांनी आप्पासाहेबांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या."

"खुळे झाले का? जेलात जाताल!"

"सोडा म्हणतो ना."

आप्पासाहेबांनी सोडलं नाही. मग काकासाहेबांनी त्यांचं मनगट पिळलं. आप्पासाहेबांनी दुसऱ्या हातानं त्यांच्या दुखऱ्या बरगडीत ठोसा मारला. दोघं माझ्या अंगावर आपटले, मातीत लोळले. पन्नाशीची माणसं, एकमेकांच्या लग्नात जेवलेली, एकमेकांचे गळे दाबत होती. हवालदार धावत येऊन दोघांना सोडवेपर्यंत आप्पासाहेबांचा दात पडला होता.

काकासाहेब धापा टाकत उठले. त्यांनी पाना हवालदाराच्या हातात दिला.

"लिहून घ्या साहेब. शर्यत होती. माझी आन ह्यांची. गाडीचे ब्रेक चांगले होते. मी दाबले नाय."

सारजाबाईनं घोंगडी मागितली. ती पंचनाम्यात जप्त झाली होती, मिळाली नाही. ती रिकाम्या हातानं परत गेली.

खटला दोन वर्षं चालला. तेवढे दिवस मी उन्हात उभी होते. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी घर केलं. एके दिवशी बिरू कुबडीवर ठाण्यात आला, बरोबर कडूबा. घोंगडी आता परत मिळणार होती. काकासाहेब त्या दिवशी हजेरीला आले होते. दोघं माझ्यासमोर समोरासमोर आले. कडूबानं मूठ वळली. बिरूनं त्याला मागं सारलं.

"मालक," बिरू म्हणाला, "हॉर्न ऐकला मी. लई लांबून ऐकला. पन मेंढराला हॉर्न कळत नाय. ते बिथरतं आन जागच्या जागी गोळा होतं. तुम्ही नुसतं थांबला असता, तर मी हाकलली असती बाजूला. दोन मिन्टं लागली असती."

काकासाहेबांनी हात जोडले. बिरूनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि घोंगडी घेऊन कुबडीवर निघून गेला. त्यानं माफ केलं नाही. का करावं?

काकासाहेबांना शिक्षा झाली. आप्पासाहेबांनाही झाली. काकासाहेब ती भोगून आले, तेव्हा कोर्टानं मला सोडलं होतं. आशाबाई त्यांच्याबरोबर मला बघायला आल्या.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. "हिला दुरुस्त करायचं, का नवी घ्यायची?"

काकासाहेब म्हणाले, "दोन्ही नको. वाळूजला कामगारांची बस जाती. मी तिच्यात जाईन."

त्यांनी मला गावाबाहेरच्या एका तंत्रशाळेला देऊन टाकलं. इथं मुलं-मुली माझी चाकं काढतात, पुन्हा बसवतात. मास्तर त्यांना माझे ब्रेक उघडून दाखवतात. माझं अंग कुणी पुसत नाही, आणि मी तशी अपेक्षाही करत नाही. माझ्यासारख्यांनी बहुधा आपली निगा राखा, असं सांगायचं असतं. मी ते मागणार नाही. माझी निगा चांगली राखली होती, मित्रांनो. माझ्या इंजिनात खोट नव्हती, टायर नवे होते. तरी बिरूचा पाय गेला.

उद्या तुमच्या हातात चावी येईल. गाडी जुनी असेल नाहीतर नवी, फरक पडत नाही. समोर कुणी दिसलं, माणूस असो की कोकरू, तर त्यानं बाजूला व्हावं म्हणून वाट बघू नका. थांबा. दोन मिनिटं लागतात.