मधमाश्यांच्या गाडीतला कॅमशाफ्ट

मित्रांनो, मी एक जुना कॅमशाफ्ट आहे. जुना म्हणजे झिजलेला नव्हे, नुसताच जुना. गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर मला तेलकट कागदात गुंडाळून आडवे ठेवले आहे. माझ्यासारख्याने आडवे पडून राहायचे म्हणजे काय, ते तुम्हाला कसे सांगू? वर्गात सारखा गुडघा हलवणारे एखादे मूल तुमच्या ओळखीचे असेल. बाई त्याला दिवसभर "स्वस्थ बस, स्वस्थ बस" म्हणत असतात. तो गुडघा म्हणजे मी.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही नुसत्याच माना डोलवाल. मी एक लांब दांडी आहे. माझ्या अंगावर ओळीने अंड्याच्या आकाराचे उंचवटे आहेत. इंजिनाच्या आत मी गोल फिरतो आणि एकेक उंचवटा वर आला की इंजिनाचे एकेक दार उघडते. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. एका दाराने हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. दार कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे मी ठरवतो. इंजिन कितीही दांडगे असो, श्वास ते माझ्या हुकमानेच घेते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरे, थोडी बढाई आहे.

गाडी कारखान्यातून येते तेव्हा तिच्यात एक कॅमशाफ्ट असतोच. तो झिजला की काही लोक तसाच दुसरा घेतात आणि काही लोक बाहेरून आपल्या मनाजोगता निवडतात. मी त्या बाहेरच्यांतला. मला घडवणाऱ्या कारागिराने माझे उंचवटे मुद्दाम उंच आणि रुंद ठेवले. म्हणजे मी दारे जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडी ठेवतो. मला जोरात फिरवा, इंजिन पोटभर श्वास घेईल आणि गाडी सुसाट सुटेल. सावकाश फिरवलेत, तर या दाराने आलेली हवा त्या दाराने निघून जाईल आणि इंजिन धापा टाकत बसेल. सावकाश कामाचा मी नाही. याला कोणी दोष म्हणो, मी म्हणत नाही. माझी घडणच तशी आहे.

घडलो, डब्यात बसलो, दुकानात आलो. डब्यात मला करमेना. माणसे काउंटरवर येत, बोलत, जात, आणि मी आतल्या आत चुळबुळत राही. आणि एके दिवशी ती दोघे आली.

एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. बहिणीच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. जिथे फुलोरा असेल तिथे पेट्या न्यायच्या, फुले संपली की पुढच्या फुलांकडे हलवायच्या, असा तिचा व्यवसाय. पेट्या न्यायची पिकअप भाऊ चालवी. त्याच्या दोस्तांनी त्याचे नाव वारू ठेवले होते आणि ते कौतुकाने ठेवलेले नव्हते. पेट्यांनी भरलेली गाडी त्याला घाटात बैलाच्या चालीने न्यावी लागे. चहाच्या टपरीवर बाकीचे ड्रायव्हर म्हणत, "वारू, चढ चढायला लागलास की आम्हाला फोन कर, आम्ही तोवर एक झोप काढून येतो." वारू हसे. पण असले हसणे वरवरचे असते, आत ते खुपत राहते.

पिकअपचा जुना कॅमशाफ्ट झिजून इंजिन टकटक करू लागले होते. घाटाअलीकडची फुले संपत आली होती आणि पलीकडे सूर्यफूल फुलले होते. फुलोरा कुणासाठी थांबत नाही. पेट्या वेळेत पलीकडे पोहोचल्या नाहीत, तर बहिणीचे ते वर्ष गेल्यात जमा होते. म्हणून ती स्वतः भावाबरोबर दुकानात आली होती.

दुकानातल्या काकूंनी काउंटरवर दोन कॅमशाफ्ट मांडले. एक मी. दुसरा माझा शेजारी, बसक्या उंचवट्यांचा, बघून जांभई यावी असा. काकू चष्मा वर सारून म्हणाल्या, "हा बसका आहे ना, तो कमी वेगात ओढतो. हा दुसरा वर गेल्याशिवाय जागा होत नाही. आता मला सांग, गाडी काय काम करते? वजन किती असतं? चढ आहे का? चालवतोस कितीने?"

हे प्रश्न काकू प्रत्येकाला विचारतात आणि मिळेल त्या उत्तरावर विश्वास ठेवतात. गाडी बघायला त्या काही दुकानाबाहेर जात नाहीत.

वारूने तोंड उघडले आणि तेवढ्यात त्याचे लक्ष मागे गेले. टपरीवरचे दोन ड्रायव्हर आपल्या पाळीची वाट बघत उभे होते. कान टवकारून.

"रिकामीच असते बहुतेक," वारू म्हणाला. "मोकळा रस्ता आहे. ऐंशी-नव्वदने तर जातेच."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मित्रांनो, त्याची गाडी काय करते ते त्याने सांगितलेच नाही. आपल्या गाडीने काय करावे असे त्याला वाटे, ते त्याने सांगितले. बहीण त्याच्याकडे बघत राहिली. तिने काहीतरी बोलायला ओठ हलवले, मागच्या दोघांकडे पाहिले आणि गप्प झाली. चारचौघांत भावाचे नाक कशाला कापायचे, असे तिला वाटले असावे. काकूंनी बसक्याला परत डब्यात घातले आणि मला पुढे सरकवले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी मला हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिले. "रेसची गाडी आहे का रे ही?"

"होणार आहे," वारू म्हणाला.

मिस्त्रींनी खांदे उडवले. त्यांनी जुन्याला बाहेर काढले, माझ्या अंगाला घट्ट वंगण चोपडले आणि मला बसवले. आता एक गंमत ऐका. माझ्या जातीचा नवा कॅमशाफ्ट पहिल्यांदा चालू केला की त्याला सावकाश फिरू द्यायचे नसते. पहिली वीसेक मिनिटे रेस धरून ठेवावी लागते, नाहीतर उंचवटे तिथल्या तिथे घासून जातात. मिस्त्रींनी रेस धरली. गॅरेजचे पत्रे थरथरले, मी गरगरलो, वंगण उडाले, दारे पटापट उघडली, मिटली. मला तेव्हा वाटले की आता आयुष्यभर असेच. माझ्या साऱ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ म्हणाल तर तोच.

मग रेस सोडली आणि गाडी जागच्या जागी धडधडू लागली. धड, धडधड, धड. सावकाश फिरताना माझा ताल असा चुकतो. खरे तर ती माझी तगमग असते, पण माणसांना तो आवाज फार आवडतो. टपरीवर वारूने गाडी मुद्दाम चालू ठेवली. ड्रायव्हर भोवती जमले. "आवाज बघ काय आहे! वाघ आहे वाघ." वारूच्या अंगावर मूठभर मांस चढले आणि माझ्याही. सगळ्यांनी मिळून आम्हा दोघांना हरभऱ्याच्या झाडावर चढवले. दोन दिवस वारूने रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवली आणि मी अगदी दृष्ट लागेल असा पळालो.

"एकदा भरून बघूया का थोडं अंतर?" बहिणीने विचारले.

"ताई, हिच्यात आता केवढा दम आहे. बघशील तू."

ताईने ऐकले. फुलोरा वाट बघत होता आणि वाद घालायला वेळ नव्हता.

पेट्या संध्याकाळी भरतात. माश्या घरी परतल्या की दारांना जाळी लावायची आणि पेट्या गाडीत रचायच्या. उन्हाच्या आत पलीकडे पोहोचायचे म्हणून दोघे पहाटेच निघाली. इंजिनाच्या आत मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते. मागे पेट्यांतून एकसारखे गुणगुणणे चालले होते. वारू शीळ घालत होता.

चढ लागला. फर्स्ट गिअर, मागे वजन आणि मी सावकाश. मला जे जमत नाही, तेच नेमके माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आलेली हवा निघून जाऊ लागली. इंजिन खोकले. अरे मला फिरव, मला जोरात फिरव, असे मी जिवाच्या आकांताने ठोके देत होतो, पण वजन मला फिरू देईना. वारूने रेस वाढवली आणि क्लच अर्धा दाबून गाडी कशीबशी रेटली. पहिले वळण पार पडले. दुसऱ्यावर गाडी बंद पडली. ताईने उतरून चाकामागे दगड लावले. पुन्हा चालू केली, पुन्हा रेस, पुन्हा अर्धा क्लच. तिसऱ्या वळणावर जळका वास आला. त्यानंतर मी आत कितीही फिरलो तरी चाकांपर्यंत काही पोहोचेना. क्लच जळाला होता.

वारूने चावी फिरवली आणि मी थांबलो. वारूची शीळ तर त्याआधी कधीच थांबली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

ऊन वर आले. मागचे गुणगुणणे बदलू लागले. आधी मोठे झाले, मग कर्कश. बंद पेटीत माश्या पंखांनी वारा घालतात, पण त्यालाही सीमा असते. आत फार तापले की मेण मऊ पडते, पोळे खाली बसते आणि मधातच माश्या बुडतात.

"दारं उघड," ताई म्हणाली.

"इथे? अगं, इथे उघडली तर उडून जातील सगळ्या. तिकडे सूर्यफूल..."

"सूर्यफूल राहू दे. उघड म्हणते ना."

दोघांनी एकेक पेटी उतरवून दरडीच्या सावलीला नेली आणि जाळ्या काढल्या. चिडलेल्या माश्या भसाभस बाहेर पडल्या. वारू डंखांनी कळवळत होता, पण हात थांबवत नव्हता. उन्हाच्या बाजूची रांग सर्वांत शेवटी उतरली. त्या पेट्यांतून आवाज येत नव्हता. एका पेटीचे झाकण काढल्याचे मी ऐकले. मग झाकण परत लावल्याचे ऐकले. दुसऱ्या पेटीचेही तसेच.

शेवटची पेटी सावलीत ठेवून ताईने विचारले. "दुकानात त्या बाईंनी विचारलं, तेव्हा खरं का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"कसली?"

"गाडी वीसने चढते म्हणायची. ते दोघं मागे उभे होते."

"वीसने चढत होती," ताई म्हणाली, "पण पोचत होती रे." तिचा आवाज फाटला. मग ती म्हणाली, "मीही तिथेच उभी होते. मलाही तोंड होतं."

वारू रडू लागला. मला तेव्हा आपल्या उंच उंचवट्यांचा पहिल्यांदाच वैताग आला. चूक माझी नव्हती, हे मला ठाऊक होते. पण त्या गप्प झालेल्या पेट्यांपाशी बरोबर असून उपयोग काय होता?

संध्याकाळी माश्या पेट्यांत परतल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. टपरीवरचाच एक ड्रायव्हर आपली लॉरी घेऊन आला आणि उरलेल्या पेट्या सावकाश पलीकडे घेऊन गेला. त्याने एकही विनोद केला नाही. पिकअप ओढून गॅरेजात आली. मिस्त्रींनी मला बाहेर काढले, पुसले आणि वारूच्या हातात दिले.

वारू आणि ताई पुन्हा काउंटरवर उभी राहिली. त्या दिवशीही दुकानात गर्दी होती. काकूंनी चष्मा वर सारला, पण त्यांनी काही विचारायच्या आधीच वारू बोलू लागला. मागे कोण उभे आहे, हे त्याने वळून पाहिले नाही.

"गाडी भरलेली असते. घाट आहे. वीसने चढते. मागे मधमाश्या असतात." त्याने मला काउंटरवर ठेवले. "मला हळू जाणारा कॅमशाफ्ट द्या."

कोणी हसले नाही. काकूंनी तो बसका शेजारी काढून दिला. मग त्यांनी मला उचलून न्याहाळले. "आणि हा? हा खराब निघाला का?"

ताईने मला काकूंच्या हातातून घेतले, क्षणभर धरले आणि परत काउंटरवर ठेवले.

"नाही हो," ती म्हणाली. "तो चांगलाच आहे. आम्ही त्याला खोटं सांगून नेलं."

मित्रांनो, दुकानात नवा माल येतो, जुना मागे सरकतो, तसा मी मागच्या खोलीत आलो. वापरलेला म्हणून मला चटकन कोणी विचारत नाही. कागदाच्या आत मला अजून चैन पडत नाही. कुठूनतरी माझ्या जोगती गाडी येईल, हलकी, मोकळ्या रस्त्याची, असे वाटत राहते. काही दिवस ते खरे वाटते, काही दिवस नाही.

तुम्ही मला तेल लावा, पुसा, गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण माझी विनंती त्याहून थोडी वेगळी आहे. तुम्हालाही कोणीतरी कधीतरी विचारील, की बाळा, तू काय करतोस, तुझ्या पाठीवर काय आहे, तुला कुठवर जायचे आहे. तेव्हा मागे कोण उभे आहे ते बघू नका. हळू जात असाल तर हळू म्हणा. आणि शेजारी कोणी चुकीचे सांगत असेल, तर त्याचा मान राखायला म्हणून गप्प बसू नका. त्या गप्प राहण्याचे ओझे त्यालाच वाहावे लागते, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही.

आता कोणीतरी काउंटरवर आले आहे. काकूंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. थांबा जरा, तो काय उत्तर देतो ते मला ऐकू द्या.