डावी सीट

भूपेंद्रने पुष्पाबाईच्या पडवीतल्या गाडीच्या सीटवरची गोधडी उचलली आणि त्याचा चेहरा पडला. लाल कातड्यावर हळदीचे पंजे होते. एकावर एक, वर्षावर वर्ष.

"हे कायले केलं, पुष्पाबाई?"

"दसऱ्याले सारे आपल्या गाडीची पूजा करतेत. माझ्याजवळ एवढीच गाडी हाये."

मागे उभे असलेले वीरेंद्र शेठ हसले नाहीत. जुन्या स्पोर्ट्स गाड्या जमवणारा हा माणूस रायपूरहून खास आला होता. अंगणात उभी असलेली गाडी भूपेंद्रच्या वडिलांनी, केशोरावांनी, धानाच्या तेजीत हौसेने आणलेली. तसल्या गाड्या साऱ्या जगात चाळीसच बनल्या. शेठना ती हवी होती, पण कारखान्यातून निघाली तशी, मूळच्या दोन्ही सीटांसकट. सीट नाही तर सौदा नाही. सौदा नाही तर भूपेंद्रच्या राइस मिलला नवं यंत्र नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी, केशोरावांच्या शेतात धानाची रोवणी करताना पुष्पाबाईला साप चावला, तेव्हा तिला गाडीत आडवं झोपवायला त्यांनी हीच सीट उपटून तिच्या अंगणात टाकली आणि गाडी गोंदियाला पळवली. बाई जगली. "राहू दे सीट, टेकायला होईल," केशोराव तिला म्हणाले, आणि पुढे जन्मभर एकाच सीटची गाडी चालवली. असल्या बेहिशेबी माणसाने मिल कशी चालवली, हे भूपेंद्रला कोडंच होतं.

"घेऊन जा बाबू. मालकानं कधी मागितली नाही, मी कधी इसरली नाही."

शेठनी डागावर बोट घासलं. "ये नहीं निकलेगा."

भूपेंद्रने मनातल्या मनात किंमत उतरवली आणि सीट गाडीत ठेवून बोल्ट आवळायला घेतले. सीट बसली. पुष्पाबाई काचेला नाक लावून पाहत राहिली.

"अशी हाये होय आतून!"

"तुमी तर गेल्या होत्या ना हिच्यात?"

"गेली होती. पण मले सुद कुठं होती?"

चक्कर मारून पाहायला निघालेले शेठ गाडीच्या दारापाशी थांबले. मग बाजूला झाले. "पहले बाई बैठेंगी."

"मी कायले? सीट खराब होईल ना!"

"आता काय व्हायची राहिली!" म्हणताना भूपेंद्रला सकाळपासून पहिल्यांदा हसू फुटलं.

पुष्पाबाईने चपला काढल्या, अंगणात जोडून ठेवल्या आणि पदर आवरून आत बसली.

"हळू चालव, बाबू. आज सारा रस्ता पाहाचा हाये."

गाडी धानाच्या बांध्यांआड गेली. ऊन अंगणात सरकत आलं. शेठनी इकडेतिकडे पाहिलं, वाकले, आणि त्या चपला उचलून सावलीत ठेवल्या.