गिरिधरच्या पायांतील नाडी

सन दोन हजार चोवीस, जुलै महिन्याची बारावी तारीख, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. स्थळ कुंभकोणम्, महामहम तळ्याच्या उत्तर काठावरील डॉक्टर चंद्रमौली यांचा दवाखाना.

तपासणीच्या बाकावर त्यांचा भाचा गिरिधर उघड्या अंगाने बसला होता. वय बावीस, रक्तदाब एकशे ऐंशी. दोन वर्षे गोळ्या चालू होत्या, तरी दाब जागचा हलत नव्हता. त्याचे वडील चाळिशीतच मेंदूत रक्तस्राव होऊन गेले होते. तेच मुलाच्याही कपाळी आले, या धास्तीने त्याची आई रुक्मिणीबाई आपल्या थोरल्या भावाकडे आली होती.

"चेन्नईत मोठी मशीनं आहेत ना, अण्णा? हात लावून काय कळणार?"

"मशीनने कुठे पाहायचे, हे आधी हातानेच ठरते," चंद्रमौली म्हणाले. वादात हार मानणे त्यांना ठाऊकच नव्हते.

त्यांनी दोन्ही मनगटांच्या नाड्या जोडीने पाहिल्या. भरदार होत्या. छातीवर तळहात ठेवला, तर ठोका तळहाताला वर उचलीत होता. मग पाठीमागे जाऊन त्यांनी डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवला.

"श्वास रोख."

तेथे एक मंद फुत्कार होता. पाठीत! चंद्रमौली लगबगीने बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि गिरिधरने पाय पोटाशी ओढले.

"मामा, पाय नको!"

"अय्यय्यो, अण्णा!" रुक्मिणीबाई उठल्याच. "थोरांनी धाकट्याचे पाय शिवायचे? पाप लागेल त्याला! ह्या गोळ्या देणाऱ्या गुरुमूर्ति डॉक्टरांनाही मी तेच म्हटलं. सूज नाही, मग पाय कशाला?"

"आणि गुरुमूर्तीने ऐकले?"

"ऐकतील नाही तर काय! तुमच्याच वयाचे ते."

"म्हणजे दोन वर्षांत या मुलाला कमरेखाली कोणी तपासलेच नाही!" त्यांच्या ओरडण्यात रागापेक्षा हर्षच अधिक होता. "रुक्मिणी, मी नमस्कार करीत नाही, चौकशी करतो आहे. गिरी, पाय सोड!"

पावलांवर नाडी लागेना. जांघेत लागली, पण दुबळी. एक हात तेथे आणि दुसरा मनगटावर ठेवून त्यांनी डोळे मिटले. मनगट आधी, जांघ मागाहून. पुन्हा तसेच. पण एकाहत्तर वर्षांची ही बोटे मनाला हवे तेच तर सांगत नाहीत ना? ते बाजूला झाले आणि त्यांनी आपल्या साहाय्यक डॉक्टरला हाक मारली.

"नित्या, तू पाहा. मी काहीच सांगणार नाही."

गिरिधर लाजेने लाल झाला. "हिनेही?"

"डॉक्टर आहे ती, तुझी नवरी नव्हे."

नित्याने बोटे ठेवली. "सर! खालची उशिरा येते!" तिने धावत जाऊन रक्तदाब मोजायचा रुंद पट्टा आणला, मांडीला गुंडाळला आणि दाब मोजला. "एकशे दहा! हातात एकशे ऐंशी, मांडीत एकशे दहा!"

चंद्रमौलींनी हसून टाळीच वाजवली. रुक्मिणीबाई मुलाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हसता काय, अण्णा? ह्याच्या वडिलांचंच ना ते?"

"नाही. याची महाधमनी जन्मापासूनच छातीत एका जागी अरुंद आहे. म्हणून वर हातांत दाब चढतो आणि खाली पायांत रक्त कमी आणि उशिरा पोहोचते. चेन्नईला चित्र काढून खात्री करतील आणि ती जागा रुंद करतील. हे दुखणे बरे होण्याजोगे आहे."