सांध्याजवळचा लाल धागा

"भंगारात घाल, पण आधी तो सांधा उघड," मी श्रुतिकाला म्हटलं. विक्रोळीच्या आमच्या लॅबमध्ये ही पोरगी आता साहेब आहे. जुना विंड टनेल काढतोय, एकदा बघून जा, म्हणून तिनेच मला भांडुपहून बोलावलं होतं.

आम्ही नवरा-बायको दोघं इथलेच. आमचे हे फिटर, मी टेंपररी हेल्पर. मोठ्या लेझरमध्ये ठिणगीने गॅस तापतो. तो पुढच्या ठिणगीआधी पुढे ढकलावा लागतो, नाहीतर किरणाची वाट लागली! गॅस कुठे अडखळेल ते आम्ही या लाकडी टनेलमध्ये साधी हवा सोडून बघायचो. आत लोकरीचे तुकडे गोंदाने चिकटवायचे, हे काम माझं. पंखा लागला की सगळे धागे एका दिशेने आडवे. काय झकास दिसायचं ते!

फक्त ह्यांनी जोडलेल्या सांध्याजवळचा लाल धागा फडफडायचा. तेव्हाच्या साहेबांनी रिपोर्टात लिहिलं, सांधा चुकला. "माझो सांदो सरळ आसा," हे एकदाच म्हणाले. फोरमन व्हायचं राहिलं ते राहिलंच. आणि मी मेली घरी टोमणे मारायची. आमटीत मीठ कमी म्हणाले, की माझं सुरू, "आधी आपला सांधा बघा!" हे हसून जेवायचे.

गेल्या वर्षी हे गेले. चूक खरंच ह्यांची होती का, एवढंच मला बघायचं होतं.

श्रुतिकाने फळी काढली, सांध्यावरून बोट फिरवलं. "नलिनीमॅडम, हा तर एकदम सरळ आहे." मला रडूच फुटलं. मग तिने टॉर्च मारला. सांध्याच्या वीतभर आधी वाटाण्याएवढा गोंदाचा थेंब, सुकून दगड झालेला. हवा त्यावर अडखळत होती.

"हा कुणी सांडला?"

थेंबाभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ होतं. दोष सापडला की हे असंच वर्तुळ करून तारीख घालायचे. १२ ऑगस्ट. त्याच महिन्यात मला पर्मनंट करायचं चाललं होतं. ह्यांनी थेंब खरवडला असता, तर धागा सरळ झाला असता आणि साहेबांनी कारण विचारलं असतं. गोंदाची बाटली माझ्याशिवाय कुणाकडे नसायची.

अहो, मला तरी सांगायचं होतं ना!

"मी सांडला गं," मी म्हटलं. "आता रिपोर्टात लिही. गुणाजी तावड्यांचा सांधा सरळ होता."

ह्यांचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं.