हिंदीतली पेशी

तृप्तीनं नागपूरचं कॉलेज सोडलं तेव्हा ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मध्य प्रदेशातल्या सौंसरला, घरी, तिच्या बाबांना, प्रभाकर सरांना, लकवा मारला होता. हात-पाय हळूहळू सुधारले, पण जीभ वळेना. जन्मभर शाळेत हिंदी शिकवलेला माणूस पाणी मागायलाही बोट दाखवू लागला. आई, अलका, लोधीखेड्याच्या शाळेत शिक्षिका. तिला सुट्टी तरी किती मिळणार?

"तू नोको येऊ, मी पाहून घेईन," आई फोनवर म्हणाली. तृप्ती सामानासकटच उतरली. पांढुर्ण्याच्या कॉलेजात तिला जागा मिळाली.

सकाळी बाबांची आंघोळ-नाश्ता, मग बस, तास, प्रॅक्टिकल, पुन्हा बस, आणि संध्याकाळी बाबांचा बोलण्याचा सराव. डॉक्टरांनी रोज शब्द म्हणून घ्यायला सांगितलं होतं.

"बाबा, म्हना, कप."

बाबा तोंड फिरवत. पहिलीतल्या पोरासारखं शिकवलेलं त्यांना सोसत नसे.

कॉलेजात तिची निराळीच अडचण होती. शाळा मराठी, नागपूरचं कॉलेज इंग्रजी आणि इथे सगळं हिंदीत. एकदा प्रॅक्टिकलमध्ये सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला आणि त्यात काय दिसतं ते तिला विचारलं. बसमध्ये उभं राहून ती आधीच थकली होती. तोंडून शाळेतलाच शब्द निघाला, "पेशी."

"पेशी? कोनत्या कोर्टात व?" मागून एक मुलगी म्हणाली आणि वर्ग खो-खो हसला. हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी. तृप्तीही हसली, पण परतताना बसच्या खिडकीकडे तोंड करून रडली.

घरी बाबांनी तिचे डोळे पाहिले आणि मान उडवून विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं. बाबा ऐकत राहिले आणि एकदम हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मग ओठ आवळत, जोर लावत म्हणाले, "को... शि... का."

"कोशिका? हिंदीतली पेशी?"

बाबांनी मान हलवली, अगदी वर्गात हलवायचे तशी.

त्या दिवसापासून तिनं कप-बशी सोडून दिली. ती पुस्तक घेऊन बसायची आणि अडलेला शब्द विचारायची. बाबा अडखळत सांगायचे, तिचा उच्चार चुकला की टेबलावर बोट आपटायचे. कधीकधी ती मुद्दामच चुकायची.

पुढच्या रविवारी दारात ती मागच्या बाकावरची मुलगी उभी होती. रामाकोन्याची डिंपल.

"कोर्टाचं मीच बोलली होती. राग आला का व?" म्हणत तिनं तृप्तीच्या बुडालेल्या प्रॅक्टिकलची वही पुढे केली. मग ती दर रविवारी येऊ लागली. बाबांना आता दोन विद्यार्थिनी झाल्या.

डिसेंबरात वर्गाची तामियाला दोन दिवसांची सहल ठरली. तृप्तीनं नाव दिलं नाही. डिंपलनं ते बाबांसमोरच काढलं, "सर, हे एकटीच नाही येऊन राहिली."

"का... हून?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याजवळ कोन राहीन, बाबा?"

बाबा बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "जा तू. अल... अलका... आहे."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई कणकेच्या हातानंच बाहेर आली.

"काय म्हनलं? पुन्हा म्हना बरं."

"अलका."

डिंपलनं तृप्तीचा हात ओढला आणि दोघी अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

तृप्ती तामियाला गेली. दिवसभर मुलींबरोबर दऱ्याखोऱ्यांतून हिंडली, पानं गोळा केली, मनसोक्त ओरडून गाणी म्हणाली. संध्याकाळी घाबरत घाबरत घरी फोन लावला.

"बाबा जेवले का?"

"जेवले ना! अन् वरनात मीठ कमी आहे म्हनून मले बोलले!" आई सांगत होती. इतक्या आनंदानं तक्रार सांगताना तृप्तीनं तिला कधी ऐकलं नव्हतं.