रातकिड्यांचा डेरा

मी एक जुना डेरा आहे. मातीचा, पोटाने मोठा, तोंडाने बेताचा. सध्या वळचणीखाली पडून असतो. मित्रांनो, माझी हकिगत काही आनंदाची नाही. पण ती पोटात ठेवून ठेवून मला आता जड झाली आहे.

१९५६ साली दिग्रसजवळच्या एका गावातल्या कुंभाराने मला घडवले. आव्यातून काढल्यावर त्याने टिचकी मारली आणि मी असा खणखणीत वाजलो की त्याने मला बाजारात नेलेच नाही. हा रुखमाबाईच्या घरी शोभेल, म्हणाला.

रुखमाबाई एकटी विधवा बाई, पण तिच्या ज्वारीला कधी कीड लागली नाही. कडक उन्हात दाणे वाळवायचे, राख चोळायची, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला घालायचा आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकायचे. पेरणी आली की अर्धे गाव बियाण्यासाठी तिच्या दारात उभे राही. नवरा नाही, मूलबाळ नाही. गावात मान होता तो या दाण्यांचा. मी त्या दाण्यांचा डेरा. मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

पुढच्या वर्षी तिच्या घरी जया आली. भावाची, गोविंदाची मुलगी, नऊ वर्षांची. तिची आई तापाने गेली होती आणि गोविंदा झरी जामणीकडे जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. पोर कुणाशी बोलत नसे. दारात बसून वाटेकडे बघे.

दसऱ्याला गोविंदा आला तो बांबूच्या पिंजऱ्यात एक झाडावरचा सरडा घेऊन. पानासारखा हिरवा, चालायचे म्हटले तरी विचार करून पाय टाकणारा. त्याचा एक डोळा पुढे पाही, दुसरा मागे. नाकतोडा दिसला की वीतभर लांब जीभ फेकून उचली. गोविंदा परत निघाला तेव्हा जयाने त्याचे धोतर धरले आणि सोबत न्या म्हणून हट्ट धरला. त्याने पिंजऱ्याकडे बोट दाखवले.

"हा जीव जगवून दाखव. मिरग लागाच्या आंधी मी येतो. हा जगला तं तुले संगं नेतो."

पोरीची समजूत काढायला तो सहज बोलला असेल. पोरीने ते मनात पक्के धरले.

थंडी पडली तसे शेतातले नाकतोडे संपले. सरडा फांदीवर सुकत चालला. जया चुलीमागच्या लाकडांतून रातकिडे पकडून आणू लागली. उरलेले ती ओल्या वाळूच्या डब्यात ठेवी. काही आठवड्यांनी त्या वाळूतून तिळाएवढी पिल्ले निघाली. तेव्हा तिच्या ध्यानात आले की किडे शोधत हिंडायला नको, घरीच वाढवता येतील. फक्त मोठे भांडे हवे.

तिने आत्याकडे मला मागितले. रुखमाबाईने कपाळाला हात लावला. सोन्यासारख्या डेऱ्यात किडे! पण पोर घरात आल्यापासून काहीतरी पहिल्यांदाच मागत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला रिकामे केले आणि एवढेच बजावले की बाहेर कुणाला सांगायचे नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या पोटात कधी धान्यातला टोका किडाही शिरला नाही, तिथे मुद्दाम कीड पाळायची! तळाला ओली वाळू आली, वर कोंडा, भोपळ्याची सालं, लपायला छपराच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे. तोंडाला जुन्या लुगड्याचे फडके बांधले आणि ऊब राहावी म्हणून मला चुलीजवळ बसवले. दिवे लागले की माझ्या पोटातून किरकिर सुरू होई. शेजारची लालीबाई आली की रुखमाबाई घाईने माझ्यावर घोंगडी टाकी. लाज तिलाही वाटे, मलाही.

पण हळूहळू मी निवळलो. जया माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलत बसे. आज किती पिल्ले निघाली, कोणाला पंख फुटले, बाबाच्या जंगलात नदी आहे का. मुकी पोर माझ्यापाशी बोलू लागली आणि मग आत्यापाशीही. सरडाही भरला. पुन्हा पानासारखा हिरवा झाला. मिरगाला पंधरा दिवस उरले, तेव्हा जयाने आपले दोन फ्रॉक आणि फणी गाठोड्यात बांधूनसुद्धा ठेवली.

त्याच दिवसांत हिवतापाच्या डासांसाठी औषध फवारणारी माणसे गावात आली. त्यांनी घरोघर सांगितले, की दाणागोटा, भांडीकुंडी, जनावरे सगळी बाहेर काढा. जया पिंजरा घेऊन लिंबाखाली गेली. रुखमाबाईने सगळी उतरंड अंगणात मांडली. शेवटी ती माझ्याजवळ आली. अंगणात लालीबाई होती, चार बायका होत्या. त्यांच्यादेखत माझ्या पोटातून किरकिर झाली असती, तर रुखमाबाईच्या घरी किडे निघाले हे संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. तिने मला चुलीमागच्या कोपऱ्यात सरकवले. आणि मित्रांनो, मलाही बरेच वाटले. चारचौघांत ते सोंग घेऊन जायला मी तरी कुठे तयार होतो?

"आत्या, डेरा काहाडला का?" जयाने बाहेरून विचारले.

"काहाडला," रुखमाबाई म्हणाली.

फवारा भिंतींवर बसला तसा माझ्या फडक्यावरही बसला. ते भिजले आणि थेंब आत गळले. सगळे सामान आत आल्यावर रुखमाबाईने फडके झटकून पुन्हा बांधले. डासांचे औषध, त्याने काय होते, असे तिला वाटले असेल. संध्याकाळी माझ्या पोटात आवाज नव्हता. किडे लटपटत होते, हाताला सहज लागत होते. जयाने त्यातले चार सरड्याला घातले.

सकाळी तो फांदीवरून खाली पडला. दुपारी गेला.

जया माती उकरायला बाहेर गेली, तेव्हा रुखमाबाईने माझे फडके सोडले. आत सगळे उताणे पडले होते. तिने मला उकिरड्यावर नेऊन रिकामे केले.

"सावली सरकली होती आत्या, मी बायांमदी पाहात राह्यली," जया हुंदके देत म्हणाली. "उन्हानं मेला. माह्याच्यानं मेला."

रुखमाबाईने तिला जवळ घेतले, डोक्यावरून हात फिरवला, पण डेरा आतच राहिला होता हे सांगितले नाही. मिरगाच्या आधी गोविंदा आला. जयाने त्याला सगळे खरे सांगितले, म्हणजे तिला खरे वाटत होते ते. तो रागावला नाही. पुढच्या साली पाहू म्हणाला आणि एकटाच गेला. पुढचे साल कधी आले नाही. गाठोडे जयाने स्वतःच सोडले.

माझ्यात पुन्हा ज्वारी पडली नाही. रुखमाबाईने मला सात वेळा घासले, उन्हात ठेवले, आणि शेवटी वळचणीखाली नेऊन टाकले.

त्याला नऊ वर्षे होऊन गेली. जयाचे लग्न झाले, तिला पुसदकडे दिले. परवा ती दिवाळीला आली. रुखमाबाईने तिच्यासाठी एक शेळीचे पिल्लू राखून ठेवले होते. आज तिने दावे जयाच्या हातात दिले, तर जयाने ते परत तिच्या हातात ठेवले.

"नोको आत्या. माह्या हातचं जनावर जगत नाही. तुले तं मालूम हाय."

रुखमाबाईचे ओठ हलले. मी वळचणीखालून सगळे पाहत होतो. मग ती म्हणाली, "चाल, भाकर खाऊन घे."

मित्रांनो, मला उचला, धुवा, पुन्हा उतरंडीत बसवा, असे काही मी मागत नाही. मातीचे भांडे आहे, फुटले तर कुंभार दुसरे देईल. पण आपली चूक कुणा लेकराच्या माथ्यावर राहिली असेल, तर ते लेकरू जवळ असेपर्यंत ती उतरवून घ्या. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. रुखमाबाईला येते. जयाची एसटी उद्या सकाळी आठला आहे.